चार पेले फळं, तीन पेले साखर

३ एप्रिल

वहिनीस,

पाकीट फाडून चुलीत टाकायच्या आधी एवढं वाच: मला तुझी समजूत काढायची नाही. मला एक माप हवंय.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुमच्या बेकरीच्या पाववाल्याबरोबर पाठवतेय. समोरच्या दुकानात पावाचे ट्रे उतरवताना तो रोज तुझी खबर देतो. तू तिथं पीठ मळतेस, कुणाशी जास्त बोलत नाहीस, मालक तुला वचकून असतो. हे ऐकून मला तर बाई आपल्या घरचीच आठवण आली.

आता मुद्दा. शाळेच्या वसतिगृहाच्या कोठीवर नव्या बाई आल्या आहेत. मुलांच्या न्याहारीला वर्षभर स्ट्रॉबेरीचा जॅम हवाय, आणि तो त्या आपल्याकडून घ्यायला तयार आहेत. पहिली खेप पसंत पडली तर आपली जॅमची खोली चालू राहील. नाही पडली, तर दादा पुढच्या महिन्यापासून ती टायरवाल्याला देणार. त्यानं तोंडावर सांगितलं, "ती गेली, तू एकटी. तिथं बसून काय माशा मारणार आहेस?" टायरवाला येऊन खोलीची लांबी-रुंदीही मोजून गेला. मोजताना त्यानं आपल्या मोठ्या पातेल्याला पायानं बाजूला सारलं. पायानं, वहिनी.

कोठीच्या बाईंची एकच अट आहे. सगळं ग्रॅममध्ये लिहून हवं. पेले-बिले चालणार नाहीत. आणि आईनं तर आपल्याला एवढंच शिकवलं: चार पेले फळं, तीन पेले साखर, एका लिंबाचा रस. पेला तोच, निळ्या काठाचा, पत्र्याचा, बुडाला पोचा आलेला. तो तू नेलास.

नेलास ते बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही. पण दादानं तो न्हाणीघरात नेऊन त्यात दात घासायचा ब्रश उभा केला होता, ते मीही पाहिलं होतं. "आता घरात तराजू आलाय, या डबड्याचं काय काम?" असं तो म्हणाला, तेव्हा मी लेबलं चिकटवत होते. चिकटवतच राहिले. त्यावरून तुला काय म्हणायचंय ते मला ठाऊक आहे, ते लिहून पाठवायची गरज नाही.

पेला परत मागत नाही. त्यात किती मावतं, तेवढं कळव.

— नणंद


७ एप्रिल

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. त्याला पत्र म्हणायचं धाडस मी करत नाही. "काठोकाठ पाणी, तीनशे मिली." संपलं. वर ना "वन्सं", ना खाली सही. पाववाला म्हणाला, "वहिनींनी उभ्या उभ्या लिहून दिलं, हाताला पीठ होतं." ते पीठ कार्डावर आहे अजून. असो. तीनशे म्हणालीस, तीनशेवर माझं भागलं.

मी काही दादासारखी अंदाजपंचे दाहोदरसे करणारी नाही. औषधाच्या दुकानातून रेघा मारलेलं काचेचं भांडं मागून आणलं. साखर तीनशेच्या रेघेपर्यंत भरली, तराजूवर ओतली: अडीचशे ग्रॅम. मग फळं. अख्खी फळं भांड्यात टाकली तर एक इकडे तोंड करून बसतं, एक तिकडे, आणि मधे नुसती हवा. हवेचं काय वजन करायचं? म्हणून देठ काढून, काट्यानं छान कुस्करून, रेघेला रेघ लावून भरली. दोनशे नव्वद. म्हणजे जवळजवळ पाण्याइतकीच. इतकं चोख माप या घरात आजवर कुणी घेतलं नसेल.

त्या हिशेबानं दोन दिवस शिजवलं. वेळ नेहमीचाच, आच नेहमीचीच. काल बरण्या कोठीवर पोचल्यासुद्धा. मुलं सुट्टीवरून सोमवारी, सोळाला यायची आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा पानात जॅम पडेल, मग बाई काय ते ठरवतील.

जॅम जरा पातळ वाटला. पण गार झाल्यावर धरेल. तुझाही सुरुवातीला पातळच असायचा की. आता "माझा कधी होता?" असं म्हणत त्या पिठावर राग काढू नकोस.

दादा खूश आहे. जेवताना म्हणाला, "बघ, कुणावाचून कुणाचं अडत नाही." मी हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही.

— नणंद


१३ एप्रिल

वहिनी,

इकडे उकाडा फार. पंखा लावला तर गॅस विझतो, न लावला तर जीव. समोरच्या दुकानदारानं नवीन शटर बसवलंय. पाववाल्याच्या गाडीचा आरसा फुटलाय.

हे सगळं मी का लिहितेय ते तुला कळलं असेलच. मी चूल सोडून घरभर बोलायला लागले की समजायचं, चुलीवर काहीतरी करपलंय. हे तूच म्हणायचीस.

नमुन्याच्या सहा बरण्या मी फळीवर ठेवल्या होत्या. आज सकाळी खोली उघडली तर आंबूस वास. मला वाटलं कुठं एखादं फळ पडून कुजलंय, म्हणून सगळं खाली वाकून झाडलं. मग डोक्यावर टक् असा आवाज झाला. वर बघते तर एका बरणीचं झाकण फुगून पोटासारखं वर आलंय. बाकीच्यांचीही तशीच. एक उघडली तर सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली आणि माझ्या हातावरून ओघळली. जॅम धरला तर नव्हताच. रश्श्यासारखा होता, आणि वर फेस.

सहा माझ्या समोर आहेत. उरलेल्या सगळ्या कोठीवर आहेत. आणि सोमवारी मुलं येणार.

दादाला दाखवल्या. त्यानं दार लावून घेतलं आणि म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या फळीवर ऊन येतं म्हणून झालं असेल, तिथल्या चांगल्या असतील. आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस." मी म्हटलं, "आणि पोरांची पोटं बिघडली तर?" तर म्हणाला, "पोरं काहीही पचवतात." त्याचा स्वतःचा हात मात्र त्या बरणीला लागला नाही. चव घे म्हटलं, तर घेतली नाही.

आता तुला विचारते, आणि रागानंच विचारते. मी पेल्याचं माप मागितलं तर तू पाण्याचं माप दिलंस. बाकी काही लिहिलं नाहीस. माझं चुकणार हे तुला दिसत होतं ना? तिथं बसून वाट बघत होतीस ना, वन्सं कधी तोंडावर पडतात याची? तुझा राग दादावर आहे, तो माझ्या बरण्यांत का ओतलास?

काय चुकलं ते अजून मला कळलेलं नाही. वजन चोख आहे. चार पेल्यांचं फळ अकराशे साठ, तीन पेल्यांची साखर साडेसातशे. तीनदा बघितलं. मला भीती वाटतेय, वहिनी. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू?

पाववाला हॉर्न वाजवतोय.


१४ एप्रिल

वहिनी,

तुझं उत्तर आलं. या वेळी पण एकच ओळ. "अख्खी मोजलीत की कुस्करून?"

मी ती ओळ दोनदा वाचली.

कुस्करून. मीच तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की! ते पत्र तू नीट वाचलं नसशील, किंवा वाचून कपाळाला हात लावला असशील. आई अख्खी फळं पेल्यात टाकायची, आणि तूही. वर तळहात फिरवून जे घरंगळेल ते परत टोपलीत. फळाफळांमधे हवा असायची आणि ती हवाही मापात धरलेली होती. मी ती हवा काढून टाकली आणि तिच्या जागी फळ कोंबलं.

आत्ता अख्खी फळं भरून वजन केलं. एक पेला एकशे ऐंशी. चारांचे सातशे वीस. मी घातलं होतं अकराशे साठ. फळ दीडपटीहून जास्त, साखर तेवढीच, आणि शिजवलं नेहमीइतकंच. एवढं पाणी आटणार कुठं, आणि एवढ्याशा साखरेत ते टिकणार कसं? आंबणारच होतं. ज्या दिवशी बरण्या भरल्या त्याच दिवशी ठरलं होतं, मला कळलं आज.

काल तुला जे लिहिलं ते आता परत घेता येत नाही, पाववाला कालच घेऊन गेला. ते वाचून पीठ किती आपटलंस ते उद्या तोच सांगेल.

दादा पुढच्या अंगणात गाडी धुतोय. मी मागच्या दारानं निघतेय, कोठीवर. बाईंना बरण्या उघडून दाखवणार आणि सगळ्या परत मागणार. दादाला विचारलं नाही. विचारलं तर तो नाही म्हणेल आणि मी पुन्हा लेबलं चिकटवत बसेन.

चप्पल घालता घालता लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय. हसू नकोस.


१८ एप्रिल

वहिनी,

जिवंत आहे. सगळं सांगते.

कोठी म्हणजे तळघरातली खोली, एकच झरोका, पण आत भट्टीसारखी गरमी, कारण भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. दादाचं ऊन वगैरे सगळं झूट. आपल्या बरण्या मांडलेल्या होत्या आणि झाकणं फुगायला लागली होती. बाई बुटक्या, चष्मा डोक्यावर, बोलणं काटेरी. मी म्हटलं, "जॅम खराब झालाय. मुलांना देऊ नका." त्यांनी एक बरणी उघडली. फस्स. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बरणीकडे बघितलं.

"हे तुम्हीच केलंत?"

"मीच."

"आणि तुम्हीच सांगायला आलात? लोक मान कापली तरी चूक कबूल करत नाहीत."

"मुलं खाणार आहेत ना," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी मला तासभर उभं करून झापलं. अगदी शेलक्या शब्दांत. मी सगळं ऐकून घेतलं, आणि बरण्या हातगाडीवर चढवल्या. शेवटच्या फेरीला त्या म्हणाल्या, "शनिवारी नवीन खेप आणा. अर्धीच आणा. आठवडाभर या गरमीत ठेवेन, टिकली तर बोलू. नाही टिकली तर मला तोंड दाखवू नका." म्हणजे अजून एक संधी आहे, वहिनी. एकच.

घरी दादा वाट बघत होता. "माझी अब्रू चव्हाट्यावर मांडून आलीस?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझी कशाला? जॅम मी केला, अब्रूही माझीच गेली." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. फक्त भिंतीकडे बघून म्हणतो, "टायरवाला रविवारी सामान घेऊन येतोय." म्हणजे शनिवारी बाईंनी खेप ठेवून घेतली तर मी दारात आडवी होईन. नाही घेतली तर कुठल्या तोंडानं होऊ?

आता तुझ्या तिसऱ्या कार्डाविषयी. या वेळी चक्क चार ओळी! मी आधी मोजल्या, मग वाचल्या. तू लिहिलंस की पाण्याचं माप देताना तुझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पेल्यानं कधी वजन केलंच नाही, तर फळाचं किती भरतं हे तुलाच कुठं ठाऊक. मग तू बेकरीच्या तराजूवर फळं भरून बघितलीस आणि तुझा पेला एकशे पन्नास भरला. माझा एकशे ऐंशी आणि तुझा एकशे पन्नास कसा, असं तू विचारलंयस.

तुझी फळं मोठी असणार. तिथं बेकरीत केकवर लावायला टपोरी आणतात. मोठ्या फळांत मधली हवा जास्त. माझी शेवटच्या तोडणीची, बारकी, ती एकमेकींना चिकटून बसतात. म्हणजे पेला तोच आणि दोघींचा आकडा वेगळा, आणि दोघींचाही खरा. मग मी कागदावर लिहू काय? कोणता आकडा?

रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. सकाळी दात घासताना, त्याच न्हाणीघरात, एकदम लक्षात आलं. आईची चार पेले फळं म्हणजे सातशे वीस. तीन पेले साखर म्हणजे साडेसातशे. अगं, हे तर जवळजवळ वजनाला वजन! जेवढं फळ तेवढीच साखर. आईकडे तराजू नव्हता म्हणून तिनं ते पेल्यात बसवलं, चाराला तीन. फळ मोठं असो की बारकं, अख्खं असो की कुस्करलेलं, तराजूवर ठेवलं की झालं. दादाचा तराजू आणि तुझा पेला एकच गोष्ट सांगत होते. भांडलात तेवढे तुम्ही दोघं.

एक छोटं पातेलं करून बघितलं. थंड बशीवर थेंब टाकला, बोट फिरवलं, रेघ राहिली, म्हणजे जॅम धरला. पाठीमागून तू "हं" म्हणशील असं वाटलं. मागं वळून बघितलं, इतकी मी वेडी.

आता खरं लिहिते, कारण यानंतर लिहायला काही उरत नाही. पेल्याची मला आता गरज नाही. तू न सांगताही हा जॅम मला करता येईल. म्हणजे तुला बोलवायला माझ्याकडे होतं नव्हतं ते निमित्तही संपलं. इतके दिवस मी माप, माप करत होते, त्यात मापाची गरज निम्मीच होती. बाकीची निम्मी म्हणजे तुझ्या हस्ताक्षरातलं काहीतरी घरात यावं, एवढीच होती.

तरी ये. दादाची बायको म्हणून येऊ नकोस. त्याचं आणि तुझं काय व्हायचं ते होवो, मी मध्ये पडणार नाही, मध्यस्थी मला जमत नाही. खोलीत ये. दार मागून उघडतं, त्याच्यासमोरून जावं लागणार नाही. नवं कुलूप घातलंय, दोन किल्ल्या होत्या. एक या पाकिटात आहे.

शुक्रवारी सकाळी फळं येतील. आली की मी लगेच धुणार. धुतलेली स्ट्रॉबेरी संध्याकाळपर्यंत मान टाकते, हे तुला मी सांगायला नको. एकटीनं दोन पातेली एका वेळी मला ढवळता येत नाहीत, हेही तुला माहीत आहे. तरी मी धुणार.

— वन्सं
(तू लिहीत नाहीस म्हणून मीच लिहिलं.)


२० एप्रिल, आपल्याच खोलीत

वहिनी,

तू माझ्या समोर बसली आहेस आणि तरी मी तुला पत्र लिहितेय. दुसरा काही इलाज ठेवला आहेस का?

सकाळी पाववाल्याच्या गाडीतून उतरलीस, मागच्या दाराला किल्ली लावलीस, पदर खोचलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. पिशवीतून पेला काढलास, विसळलास आणि खिडकीत त्याच्या जुन्या जागी ठेवलास. मग देठ काढायला बसलीस. मी म्हटलं, "चहा?" तू मान हलवलीस, ती हो की नाही तेही कळलं नाही. मी केला. तू प्यायलीस. तेव्हापासून आपण दोघी कामच करतोय.

एकदा मात्र मी तुला पकडलं. मी फळं तराजूवर ठेवली, आकडा वाचला आणि साखर घ्यायला वळले, तेव्हा तू तीच फळं गुपचूप पेल्यानं मोजलीस. चार भरले आणि वर थोडी उरली. ती तू खाल्लीस. मी बघितलं नाही असं समजू नकोस.

तासाभरापूर्वी दादा आला, ते तुला पाठीमागूनही कळलं असेल, कारण तुझा हात थांबला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. टायरवाल्याचं नाव काढलं नाही त्यानं. नुसतं म्हणाला, "लिंबं पिळायची असतील तर..." तू वर बघितलं नाहीस. लिंबांची टोपली पायानं त्याच्याकडे सरकवलीस. पायानं, वहिनी! आता तो बाहेर पायरीवर बसून लिंबं पिळतोय आणि बिया पण काढतोय. तुला हे सांगते, कारण तू वळून बघणार नाहीस. आत बोलाव असं मी म्हणत नाही. म्हणायचं असतं तरी म्हटलं नसतं.

उद्या बाई ठेवून घेतील की नाही, आठवडाभर टिकेल की नाही, काही सांगता येत नाही. पण मघाशी बशीवरची रेघ तूही बघितलीस. राहिली ना?

आता काम. कोठीच्या कागदावर फळ आणि साखर ग्रॅममध्ये लिहून झालं. खाली एक रकाना कोरा आहे: "बनवणारे." मागच्या वेळी तिथं दादाचं नाव होतं. या वेळी मी तुझं लिहिणार, आणि त्याखाली माझं. तुला चालणार नसेल तर आत्ताच सांग, नंतर खाडाखोड नको. बोलायचं नसेल तर नको बोलूस. कागद आणि पेन्सिल तुझ्याकडे सरकवतेय, खाली लिही.




वन्सं, आधी आच कमी करा. खाली लागतंय.